पडून राहिलं की मिळतं!

जून २०२४. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. अफगाणिस्तान विरुद्ध बांगलादेश. पाऊस येणार हे दिसत होतं आणि डकवर्थ-लुईसच्या हिशेबात अफगाणिस्तान किंचित पुढे होतं. कोच जोनाथन ट्रॉटनं बाहेरून हातानं खूण केली, जरा हळू घ्या. पुढच्या क्षणी स्लिपमध्ये उभा असलेला गुलबदिन नईब मांडी धरून धाडकन खाली! अख्खं जग हसलं. पायात गोळा आला होता, असं नंतर सांगितलं गेलं. पुढे अफगाणिस्तान जिंकलं, सेमीफायनलला गेलं. नईबनं तर नंतर विकेटही काढली.

आपणही पोट धरून हसलो. मीम फिरवले.

चार-पाच दिवसांनी फायनल. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. आपल्या सगळ्यांचा श्वास अडकलेला. तेवढ्यात ऋषभ पंत गुडघ्याला पट्टी बांधून घ्यायला खाली बसला. खेळ थांबला, फलंदाजांची लय तुटली. रोहित शर्मानं नंतर कपिल शर्माच्या कार्यक्रमात हे स्वतःच सांगितलं, की पंतनं तिथं डोकं वापरलं. जिंकण्याचं ते एकमेव कारण नव्हतं, हेही तो म्हणाला. टाळ्या वाजल्या. आपणही वाजवल्या.

नईब केला की नाटक, पंतनं केलं की डोकं. असो. आज मुद्दा क्रिकेटचा नाही. दुखापत हे हत्यार कधी आणि कसं झालं, ते समजून घ्यायचं तर आपल्याकडं फारसा कुणी न बघणारा एक खेळ बघावा लागतो. रग्बी लीग.

खेळ समजायला अवघड नाही. कबड्डी आठवा. समोरून अंगावर येणाऱ्याला तिघा-चौघांनी मिळून पकडायचं आणि खाली पाडायचं, की चढाई संपली. रग्बी लीगमध्ये हेच, फक्त हातात चेंडू आणि एका बाजूला १३ खेळाडू. चेंडू असलेल्या संघाला सहा पकडींची मुभा. तेवढ्यात जमेल तेवढं पुढं सरकायचं. पकडताना हात डोक्याला किंवा मानेला लागला की फाऊल, समोरच्याला पेनल्टी. पेनल्टी मिळाली की सरळ गोलावर लाथ मारून दोन गुण घ्या, नाहीतर चेंडू लांब मारून मैदान कमवा आणि पुन्हा नव्यानं सहा पकडी मोजा. अटीतटीच्या मॅचमध्ये एक पेनल्टी म्हणजे अर्धी मॅच.

आता गंमत बघा. हा खेळ जन्मला तोच दुखापतीच्या आणि बुडालेल्या मजुरीच्या भांडणातून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रग्बी एकच होती. दक्षिणेत ती खेळायची मोठ्या शाळांतून शिकलेली, खाऊन-पिऊन सुखी घरातली पोरं. उत्तरेकडं, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, खेळायचे खाणकामगार, गिरणीकामगार, गोदीतले हमाल. शनिवारी मॅचला जायचं तर अर्धा दिवस खाडा. खाडा म्हणजे मजुरी गेली. आणि हात मोडला तर महिनाभर चूल पेटायची पंचाईत. उत्तरेतल्या क्लबांचं म्हणणं साधं होतं: पगार देऊ नका, निदान बुडालेली मजुरी तरी भरून द्या. १८९३ मध्ये लंडनला रग्बी युनियनच्या सभेत हा ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. पैसा आला की खेळ नासेल, फसवणूक येईल, असं साहेब लोकांचं म्हणणं.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले आणि फुटून बाहेर पडले. २२ क्लबांनी नवी संघटना काढली. बुडालेल्या दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यायचं ठरलं. १९०६ मध्ये संघात १५ ऐवजी १३ खेळाडू झाले. हीच पुढची रग्बी लीग.

ऑस्ट्रेलियातली कथा तर आणखी थेट आहे. १९०७ मध्ये सिडनीत अलेक बर्डन नावाचा रग्बीपटू मोठ्या मॅचमध्ये जबर जायबंदी झाला. धंद्यानं न्हावी. हातच चालेना तर पोट कसं भरणार? संघटनेनं नुकसानभरपाई दिली नाही. त्या रागातून सिडनीत बैठका सुरू झाल्या. कुठं? व्हिक्टर ट्रम्परच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात! होय, तोच ट्रम्पर, ज्याच्या बॅटिंगचं नाव आपले जुने क्रिकेटवेडे आजही काढतात. ८ ऑगस्ट १९०७ ला न्यू साउथ वेल्स रग्बी लीग स्थापन झाली आणि ट्रम्पर तिचा पहिला खजिनदार झाला.

म्हणजे या खेळाच्या मुळाशी एक साधी मागणी आहे. कामगाराला खरोखर लागलं, तर ते खरं माना आणि त्याची किंमत द्या.

पण त्याच कामगारांच्या खेळात पुढं उलटा अभिमान रुजला. लागलं तरी दाखवायचं नाही. याची सगळ्यात मोठी दंतकथा १९७० ची. सिडनीतली फायनल, साउथ सिडनी विरुद्ध मॅनली. पहिल्या दहा मिनिटांतच साउथचा कॅप्टन जॉन सॅटलर याच्या जबड्यावर विरोधकाचा ठोसा बसला आणि जबडा मोडला. त्यानं साथीदाराला सांगितलं, मला धरून उभा ठेव, त्यांना कळता कामा नये. तसाच मोडक्या जबड्यानं सत्तर मिनिटं खेळला. साउथ २३-१२ नं जिंकले. मॅच संपल्यावर त्यानं भाषणही केलं, मग दवाखान्यात गेला.

२०१४ ला तोच क्लब पुन्हा फायनलला. सुरुवातीच्याच धडकेत सॅम बर्जेसचं गालाचं हाड मोडलं. गडी पूर्ण मॅच खेळला, सामनावीर ठरला. ३०-६ नं जिंकून ४३ वर्षांनी साउथनं विजेतेपद आणलं. लोकांना सॅटलर आठवला. पोरांना हेच सांगितलं जायचं: मर्द असशील तर उठ.

मग २०१६ आलं. ऑस्ट्रेलियाच्या लीगनं 'बंकर' सुरू केला. सिडनीत एका खोलीत बसून सगळ्या मैदानांचे कॅमेरे बघणारे व्हिडिओ रेफरी. हेतू चांगला होता. मैदानातल्या रेफरीच्या नजरेतून फाऊल सुटला तर बंकर सांगणार.

खेळाडू काय, अडाणी थोडेच असतात! त्यांच्या लक्षात आलं की पटकन उठून खेळ सुरू केला तर बंकरला मागं वळून बघायला वेळच मिळत नाही. पण मान धरून पडून राहिलं तर खेळ थांबतो, रिप्ले लागतो, आणि रिप्लेमध्ये हात हनुवटीला जरासा घासलेला दिसला तरी पेनल्टी. पडून राहिलं की मिळतं. उठलं की जातं. पेनल्टी पदरात पडली की तोच गडी टुणकन उठतो आणि पुढच्या चढाईला तयार!

दोष एकट्या खेळाडूचा आहे का? मला नाही वाटत. जो प्रामाणिकपणे उठतो त्याचा संघ खरा फाऊल होऊनही तोटा सोसतो. जो पडून राहतो तो कमावतो. नियमच असा केला, की खरेपणाला दंड आणि नाटकाला बक्षीस. रेशनच्या रांगेपासून पीकविम्यापर्यंत आपल्याला हे नवीन नाही. बंकरनं कधी मध्ये पडायचं याच्या सूचना नंतर बदलत राहिल्या, पण एकदा लागलेली सवय जाता जात नाही.

आणि 'पैशानं खेळ नासेल' म्हणणाऱ्या साहेबांच्या रग्बीचं काय झालं? शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांनीही उघडपणे पैसे घ्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये लंडनच्या हार्लेक्विन्स क्लबनं लेन्स्टरविरुद्ध जे केलं त्यापुढं बाकीची नाटकं पोरखेळ वाटतात. रक्त आलं तर खेळाडू तात्पुरता बदलता येतो, असा नियम. टॉम विल्यम्स या खेळाडूनं तोंडात बनावट रक्ताची कॅप्सूल फोडली, कारण आधी बाहेर गेलेला लाथमारू परत आत आणायचा होता. बाहेर जाताना पठ्ठ्यानं डोळा मारला, तो कॅमेऱ्यात आला. मग लपवाछपवीसाठी ड्रेसिंग रूममध्ये डॉक्टरकडून त्याचा ओठ खरोखर कापून घेतला! खोटी जखम लपवायला खरी जखम. एवढं करून मॅच ६-५ नं हरलेच. संचालक डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली, क्लबला सुमारे २,६०,००० पौंडांचा दंड. खेळाडूवरची बारा महिन्यांची बंदी त्यानं खरं सांगितल्यावर चार महिन्यांवर आली.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. आता न हसण्यासारखं.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दोन माजी रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली. दोघांमध्येही डोक्याला वारंवार मार बसल्यानं होणारा सीटीई हा आजार सापडला. २०२२ मध्ये माजी खेळाडू आणि विजेता कोच पॉल ग्रीन गेला. वय अवघं ४९. त्याच्याही मेंदूत तोच आजार निघाला. मे २०२१ मध्ये ब्रिस्बेनला एका वीकेंडच्या आठ मॅचेसमध्ये डोक्यावरच्या फाऊलवर कडक कारवाई झाली, तिघांना कायमचं बाहेर काढलं, १४ जणांना दहा-दहा मिनिटं बाहेर बसवलं. प्रेक्षक चिडले, खेळ बायकी केला म्हणाले. पण ती कारवाई उगाच नव्हती.

इथं खरी अडचण आहे. मैदानावर डोकं धरून पडलेला गडी नाटक करतोय, की त्याच्या मेंदूला खरंच धक्का बसलाय? स्टँडमधून फरक कळत नाही. दहा जण खोटे पडले की अकराव्या खऱ्यालाही लोक हुर्यो करतात. लांडगा आला रे आला, दुसरं काय! आणि हुर्योला घाबरून तो अकरावा उठून पुन्हा टक्कर घ्यायला गेला तर? जॉन सॅटलर २०२३ मध्ये वारला. शेवटची वर्षं त्याला विस्मरणाच्या आजारानं घेरलं होतं. त्याचा खेळाशी थेट संबंध मी लावत नाही, तो डॉक्टरांचा विषय. पण 'उठ, मर्द आहेस' म्हणणारे तेव्हा कुणी सोबत बसलेले नसतात, एवढं नक्की.

हे सगळं आज का लिहितोय, तेही सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेची बातमी मी केली होती. शेवटची पाच मिनिटं, एका गुणाची आघाडी, आणि आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू गुडघा धरून मैदानात आडवा. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. मीही वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'दुखापतीचं नाटक करून वेळ काढला.' मथळाच झाला तो. लोकांना आवडला.

तीन आठवड्यांनी एस.टी. स्टँडवर त्याचे वडील भेटले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, पोराचं लिगामेंट तुटलंय. पोलिस भरतीचं ग्राउंड गेलं त्याचं. तुमचं कात्रण गावात सगळ्यांनी वाचलं." आम्ही आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. खुलासा कोण वाचतं? तो पोरगा आता एका ट्रॅक्टर शोरूममध्ये आहे. थंडीत अजून लंगडतो.

त्या दिवशी मला फसवलं त्या पोरानं नव्हतं. त्याच्याआधी त्याच मैदानावर खोटं पडलेल्या पाच-सहा जणांनी फसवलं होतं, आणि त्यांना 'शाब्बास, डोकं लावलं' म्हणणाऱ्या आम्ही सगळ्यांनी.

हिवाळ्यात गावोगाव पुन्हा स्पर्धा सुरू होतील. बाहेरून "पडून राहा, पडून राहा" असं ओरडणारे शिक्षक आणि पालक मी स्वतः ऐकलेत. त्यांना एवढंच सांगायचं आहे: आज पोरगा खोटा पडून गुण आणेल. पण उद्या तो, किंवा दुसऱ्या कुणाचा पोरगा, खरा पडेल तेव्हा धावत कोण येणार?

तुमच्या गावच्या मैदानावर असं काही बघितलं असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. नावं नकोत, प्रसंग सांगा.