काठी आणि गुप्ती

मराठीतला 'गुप्ती' हा शब्द मोठा बोलका आहे. दिसायला ती साधी हातातली काठी; एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आधाराला घ्यावी अशी. पण मूठ धरून ओढली की आतून लखलखीत पाते बाहेर येते. हे शस्त्र आपल्या धारेवरून किंवा आकारावरून ओळखले जात नाही. ते ओळखले जाते लपण्यावरून. लहानपणी अमरावतीच्या एका जुन्या वाड्यात मी अशी एक गुप्ती पाहिली होती. त्याच वाड्यात दाराआड तालमीतल्या काठ्याही उभ्या असत. त्या काठ्यांना हात लावला तर कोणी रागावत नसे. गुप्तीला मात्र आम्हां मुलांनी शिवायचे नाही, असा दंडक होता.

शाळेतल्या एखाद्या पोराच्या दप्तरात चाकू सापडला, कॉलेजच्या फाटकाशी कोणी पाते उपसले, अशी बातमी वाचली की मला ती काठी आणि ती गुप्ती आठवते. 'याला काही कायदा आहे की नाही?' असे आपण चिडून विचारतो. कायदा आहे, आणि त्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. सणाच्या दिवसांत कायद्याच्या कलमांनी वाचकांचे तोंड कडू करण्याचा माझा मुळीच बेत नाही. पण ह्या इतिहासात आपल्या वऱ्हाडाचा वाटा आहे आणि तो चकलीसारखा खुसखुशीत नसला तरी चवदार आहे.

सन १८७८ साली लॉर्ड लिटन ह्या व्हाइसरॉयने दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतली वर्तमानपत्रे बांधली, दुसऱ्याने हत्यारे. लेखणी आणि तलवार एकाच वर्षी जेरबंद झाली म्हणाना! त्यांतली लेखणी १८८२ साली लॉर्ड रिपनने सोडवली. हत्यारांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही पंधरा वर्षे टिकला. त्याच्या व्याख्येत तोफ, बंदूक, तलवार, खंजीर, भाला तर होतेच, पण धनुष्यबाणही होते. म्हणजे आमच्या मेळघाटातल्या कोरकूचे तीरकमठे व्याख्येपुरते तरी तोफेच्या पंगतीला जाऊन बसले! गोऱ्यांना मात्र ह्या परवान्याच्या जाचातून सूट होती. वऱ्हाड त्या काळी नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. इंग्रजी मुलखाचे कायदे येथे हुकूम काढून लावले जात.

ह्या कायद्यातली एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. पण तेच शस्त्र सरकारी अंमलदाराला कळू नये अशा बेताने बाळगले, तर ती सात वर्षांपर्यंत जाई. शस्त्र तेच, पाते तेच. वाढीव चार वर्षे केवळ लपवण्याची.

ह्या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ सालच्या मद्रास अधिवेशनापासून तक्रार मांडली. दहा वर्षांनी, डिसेंबर १८९७ मध्ये, सभेचे तेरावे अधिवेशन खुद्द अमरावतीस भरले. अध्यक्ष शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. ते वर्ष मोठे कठीण होते. जूनमध्ये चापेकर बंधूंनी पुण्यात रँडवर हल्ला केला होता, आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. चापेकरांनी तरुण मुलांसाठी व्यायामाचे मंडळ चालवले होते. तेव्हा तालीम म्हटली की सरकारच्या कपाळाला आठी पडावी, असा तो काळ.

अशा काळानंतर, १९१४ साली, अंबादासपंत आणि अनंतराव ह्या वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा काढला. तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. आखाड्यातली हत्यारे नीट न्याहाळली की आपल्या जुन्या वस्तादांच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. बोथाटी म्हणजे भालाच, पण टोकाला बोथट गोळा. फरीगदगा म्हणजे ढाल-तलवारच, पण तलवारीच्या जागी कातड्याने मढवलेला दांडका. धार काढून घेतली आणि कसब तेवढे ठेवले! पोरगा शिकतो तो दिवसाढवळ्या, मातीच्या मैदानात, चारचौघांच्या आणि वस्तादाच्या देखत. १९३६ साली ह्याच मंडळाचे खेळाडू बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून आले. इतके उघड, की साऱ्या जगाने पाहावे.

परंतु ज्या राज्यात उघड शस्त्राला वाव नाही, तेथे ते खिशात शिरते. ह्याच मंडळाच्या परंपरेत हुतात्मा राजगुरूंचे नाव आदराने घेतले जाते. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सला गोळ्या घातल्यावर भगतसिंग, राजगुरू आणि त्यांचे सोबती निसटले ते जवळच्या डी. ए. व्ही. कॉलेजच्या आवारातून. पुढे २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे ह्या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन ह्यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले. छातीशी असलेल्या पाकिटवहीच्या धातूच्या बटणाने गव्हर्नरसाहेबांचा जीव वाचला. गोगट्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. कॉलेजात लपवून आणलेल्या शस्त्राचा महाराष्ट्रातला हा सर्वांत गाजलेला प्रसंग.

आणि नवल असे, की शस्त्रांच्या ह्या प्रश्नात गांधीजीही होते! जानेवारी १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मिठावरचा कर उठवा ही एक होती आणि आत्मरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली द्या, ही दुसरी. मिठाची मागणी वऱ्हाडाने उचलली. येथे समुद्र कोठला? तेव्हा अकोला जिल्ह्यात दहिहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. परवान्याची मागणी मागे राहिली. अहिंसेच्या पुजाऱ्याने ती मागावी ह्यात मला विसंगती दिसत नाही. भ्यालेल्या माणसाची अहिंसा त्यांना नको होती. आणि परवाना म्हणजे उघडपणाच. कोणाजवळ काय आहे ते दहा जणांना ठाऊक असणे.

स्वराज्यात १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. लाठी आणि साधी हातकाठी यांना त्याने शस्त्राच्या व्याख्येतून नाव घेऊन वगळले. गुप्तीला मात्र १९६२च्या नियमांनी तलवारीच्याच रांगेत बसवले. आमच्या वाड्यातला दंडकच जणू कायद्यात उतरला! लपवाछपवीसाठी २६वे कलम निराळे ठेवले, आणि त्याची कमाल शिक्षा तीच, सात वर्षे. बंदूक जवळ बाळगण्याचे किमान वय आधी सोळा होते. १९८३ साली ते एकवीस केले. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांना कवायतीपुरती सूट आहे. ती रायफल मोजून हाती येते आणि मोजून शस्त्रागारात परत जाते.

मग दप्तरातल्या चाकूचे काय? येथेच गोम आहे. नियमांतल्या यादीत बसायला चाकूचे पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद हवे. आणि तेही घरकामाचे वा शेतीचे नको. आखूड चाकू ह्या मापातून निसटतो. त्याला धरतो तो पोलीस अधिनियम. त्याच्या ३७व्या कलमाखाली अमरावती शहरात पोलीस आयुक्त आणि अकोल्यात जिल्हादंडाधिकारी मनाई हुकूम काढतात, तेव्हा चाकू, सोटे, अगदी लाठ्यासुद्धा घेऊन फिरता येत नाही. एका कायद्याने सोडलेली काठी दुसरा अशी धरतो! पण हा हुकूम त्या त्या मुदतीपुरता. शाळा-कॉलेजांसाठी म्हणून शस्त्र अधिनियमात वेगळे कलम नाही.

इतर देशांत ते आहे. इंग्लंडात १९९५ साली फिलिप लॉरेन्स हे मुख्याध्यापक आपल्या विद्यार्थ्याला वाचवायला शाळेच्या दारात धावले आणि भोसकले गेले. दुसऱ्याच वर्षी शाळेच्या आवारात चाकू बाळगणे हा तेथे स्वतंत्र गुन्हा झाला. अमेरिकेत १९९० साली शाळांभोवती बंदुकीला बंदी करणारा कायदा झाला. लोपेझ नावाचा एक विद्यार्थी रिव्हॉल्व्हर लपवून शाळेत आला आणि त्याच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. पुढच्या वर्षी दुरुस्त करून तो पुन्हा आणावा लागला. टेक्ससमध्ये तर उलटीच तऱ्हा. तेथील सरकारी विद्यापीठांत १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकास पिस्तूल नेता येते, पण अट ही की ते दिसता कामा नये! आपल्याकडे लपवणे हा वाढीव गुन्हा; तेथे लपवणे ही परवानगीची अट. आमच्या वऱ्हाडातली कितीतरी मुले शिकायला त्या देशात आहेत. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या कोटात काय आहे हे ठाऊक नसताना गणित कसे सुचत असेल, असे मला राहून राहून वाटते.

आपल्याकडेही वेगळे कलम असावे की नसावे, हे कायदेपंडितांनी ठरवावे. मला दिसते ते एवढेच, की कलम कितीही कडक केले तरी पोलिसाचा हात दप्तरापर्यंत पोचतो तो उशिराच. त्याआधी तेथे आईचा हात पोचतो, वर्गशिक्षकाची नजर पोचते. राजगुरू-गोगट्यांचे शस्त्र परक्या सरकारपासून लपवलेले होते. आजच्या पोराचा चाकू लपवलेला असतो तो स्वतःच्या आईपासून. त्यांच्यापुढे साम्राज्य होते. ह्याच्यापुढे त्याच्याच बाकावरचा मित्र असतो. म्हणून कोणी जुन्या शौर्याच्या गोष्टी सांगून ह्या चाकूची भलावण करू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. आणि चाकू बाळगणारी सगळीच पोरे दांडगी नसतात; पुष्कळशी भ्यालेली असतात. भीती घरात बोलता आली नाही की ती दप्तरात जाऊन बसते.

खंडेनवमीला आपण हत्यारे पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. त्याच सुमारास मुलांच्या पाटीवर सरस्वती उमटते. शस्त्र आणि पुस्तक एकाच घरात नांदू शकतात, पण शस्त्र पाटावर असेल तर. पुस्तकांच्या आड असेल तर नव्हे. घराघरांतल्या मुलांना मैदान द्यावे, वस्ताद द्यावा, हातात हवी तर काठी द्यावी. त्यांच्या मनात मात्र गुप्ती राहू देऊ नये.