मागच्या बाकावरचं कोकण

माझी वकिली कुळांच्या दाव्यांवर उभी राहिली. देवगड, राजापूर, कणकवली इथल्या कचेऱ्यांत कुळकायद्याच्या कलम ‘३२ ग’ची प्रकरणं चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात घडी पडून फाटलेला सातबारा असायचा, एखादी खंडाची पावती असायची, आणि डोळ्यांत एकच प्रश्न: जमीन राहील ना? त्याच्या भातखाचराचा संबंध थेट भारताच्या राज्यघटनेशी आहे, हे मी त्याला अनेकदा सांगून पाहिलं. मुंबई इलाख्याचा १९४८ चा कुळकायदा आणि खोती रद्द करणारा १९४९ चा कायदा ही दोन्ही नावं घटनेच्या नवव्या अनुसूचीत आहेत. १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीनं ही अनुसूची जन्माला आली तेव्हा तिच्यात जेमतेम १३ कायदे होते, आणि हे दोन त्यांतलेच. मूलभूत हक्कांच्या आधारे कुणी न्यायालयात जाऊन हे कायदे पाडू नयेत, म्हणून केलेली ती तटबंदी.

माझे आजोबा अर्धेलीनं भात करत. अर्धं पीक खोताच्या घरी, वर वेठ. त्यामुळे खोती कशी गेली हा माझ्यासाठी परीक्षेपुरता इतिहास कधीच नव्हता. त्याचा माग काढत गेलो तेव्हा एक गोष्ट मनात पक्की बसली. खोती घालवण्याचं विधेयक विधिमंडळात पहिल्यांदा कुणा मंत्र्यानं आणलं नव्हतं. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते मुंबई विधानसभेत मांडलं, विरोधी बाकावरून, खासगी विधेयक म्हणून. पुढच्या जानेवारीत कोकणातली हजारो कुळं मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चानं चालून गेली. विधेयक मंजूर झालं नाही. सत्तेवर काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं आणि त्याला ते नको होतं. पण बारा वर्षांनी जो कायदा झाला, त्याची मागणी सभागृहाच्या कामकाजात लिहून ठेवलेली होती.

हे सांगितल्याशिवाय मला राजापूरचे तेव्हाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांच्याकडे येता येत नाही. कोकणात त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी घरोघरी आहेत. ज्यांनी त्यांची सभा ऐकली ते आजही मूठ आवळून सांगतात. पण त्यांनी लोकसभेत नेमकं काय मागितलं, कोणतं विधेयक मांडलं, ते कुठं अडलं, हे विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं. मला हे सलतं. आवाज हवेत गेला. काम मात्र लोकसभेच्या छापील खंडांत जसंच्या तसं आहे.

१९५७ चा वसंत ऋतू आमच्या भागासाठी विलक्षण होता. १ एप्रिल हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं मालक ठरलं. आणि ५ एप्रिलला दुसरी लोकसभा अस्तित्वात आली, तिच्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, राजापूर मतदारसंघातून, वेंगुर्ल्याचा पस्तिशीही न गाठलेला बॅरिस्टर निवडून गेला होता. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग पाहिलेला, लंडनला लिंकन्स इनमध्ये शिकलेला. मागे संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. पक्ष प्रजा समाजवादी. काँग्रेसचे ३७१ आणि या पक्षाचे १९, असं त्या सभागृहातलं बळ. १९६२ मध्ये १२ आणि १९६७ मध्ये १३. म्हणजे आपण मांडलेलं मतदानानं मंजूर होईल, ही आशा त्यांना पहिल्या दिवसापासून नव्हती. मंत्रिपद तर आयुष्यात कधीच वाट्याला आलं नाही. अशा माणसाच्या हातात काय असतं? प्रश्न, कपात सूचना, अर्थसंकल्पावरच्या चर्चेतली काही मिनिटं, आणि शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास. हे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामाचे. त्यातही विधेयकाचा क्रम सोडतीनं लागतो. घटनेत बदल सुचवणारं विधेयक असेल तर ते मांडण्याआधी एक वेगळी समिती तपासते. एवढ्या फटींतून एखादं विधेयक चर्चेपर्यंत पोचलं तरी पुष्कळ. संसदेच्या सगळ्या इतिहासात खासगी सदस्यांची अवघी १४ विधेयकं कायदा झाली आहेत, आणि शेवटचं १९७० साली. घटनादुरुस्तीचं त्यात एकही नाही.

हे सगळं ठाऊक असताना नाथ पैंनी एप्रिल १९६७ मध्ये घटनादुरुस्तीचंच विधेयक आणलं.

कारण फेब्रुवारीत घडलं होतं. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयानं गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या एका कुटुंबाची जमीन, कमाल धारणेचा कायदा, आणि अकरा न्यायाधीश. सहा विरुद्ध पाच मतांनी ठरलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. जुन्या दुरुस्त्या न्यायालयानं मोडल्या नाहीत, त्यामुळे आमच्या कुळांचे सातबारे सुरक्षित राहिले. पण पुढची वाट बंद झाली. मालमत्ता हा तेव्हा मूलभूत हक्क होता. उद्या जमीनसुधारणेचं पुढचं पाऊल टाकायचं झालं तर?

संसदेला मूलभूत हक्कांच्या प्रकरणासह घटनेचा कुठलाही भाग बदलता येतो, हे स्पष्ट शब्दांत घटनेत घालावं, असं नाथ पैंचं विधेयक सांगत होतं. या बाजूचा युक्तिवाद मला आजही वजनदार वाटतो. घटना समिती मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांतून आली होती. नंतरची प्रत्येक लोकसभा मात्र प्रौढ मतदारांनी निवडली. खोताच्या अंगणात मान खाली घालून उभं राहणाऱ्या कुळाला १९४६ मध्ये मत नव्हतं, १९५७ मध्ये होतं. मग त्याच्या प्रतिनिधीचे हात कायमचे बांधायचे कुणी? नाथ पैंनी कोकणातल्या जमिनीकडे बघून हे विधेयक लिहिलं असा दावा मी करत नाही. त्यांची भूमिका संसदेच्या सार्वभौमत्वाची होती. पण त्यांच्या मतदारसंघातल्या कचेऱ्यांत बसून मी ते वाचलं, आणि मला त्यात माझे अशील दिसले.

विधेयकाकडे सरकारला दुर्लक्ष करता आलं नाही. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, कायदेपंडितांत त्यावर कडाक्याचा वाद झाला. एका छोट्या पक्षाच्या सदस्याच्या कागदावर देशानं घटनेचा सर्वांत मूलभूत प्रश्न चर्चेला घेतला. मग काँग्रेस फुटली, सरकारला वेगळ्या चिंता लागल्या आणि विधेयक पुढं ढकललं जात राहिलं. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली, तसं ते बाद झालं.

इथं मात्र मी नाथ पैंच्या बाजूनं पूर्ण उभा राहू शकत नाही. संसदेवर त्यांचा विश्वास होता तो तिथं बसणाऱ्या माणसांवरच्या विश्वासातून आला होता, असं मला वाटतं. त्यांनी नेहरूंची संसद पाहिली होती. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी १९७५ ची दुरुस्ती त्यांनी पाहिली नाही. कोणतीही घटनादुरुस्ती कुठल्याच न्यायालयात तपासता येणार नाही, असं म्हणणारी १९७६ ची बेचाळिसावी दुरुस्तीही नाही. त्यांचं तर्कशास्त्र शेवटपर्यंत ताणलं तर याच दाराशी येऊन थांबतं, आणि हे मान्य करायला मला वेदना होतात. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी गोलकनाथचा निकाल मागे घेतला, म्हणजे नाथ पैंचं म्हणणं मान्य केलं. आणि सात विरुद्ध सहा मतांनी त्याला कुंपण घातलं, की घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही. वकील म्हणून मला हे कुंपण हवंच होतं.

घटनेचा एवढा मोठा प्रश्न हाताळणारा माणूस मतदारसंघाच्या प्रश्नांनाही तितक्याच तळमळीनं भिडत होता. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की आमचा किनारा मुंबईला फक्त घाटरस्त्यानं जोडलेला. चाकरमानी गिरणीत, बायकापोरं गावात, आणि मधे मनिऑर्डर. कोकण रेल्वे द्या ही नाथ पैंची मागणी वर्षानुवर्षं चालू राहिली. गोव्याच्या मुक्तीसाठी त्यांनी सभागृहात आवाज उठवला, बेळगावच्या सीमाप्रश्नावर तर ते अखेरपर्यंत बोलत राहिले. रेल्वे मात्र संथपणे सरकली: दिवा–पनवेल मार्ग १९६४ मध्ये झाला, आणि गाडी रोह्याला पोचायला १९८६ साल उजाडलं.

१७ जानेवारी हा बेळगावात सीमा हुतात्म्यांचा दिवस. १९७१ साली त्या दिवशी नाथ पै बेळगावला भाषण करून थांबले आणि १८ जानेवारीला तिथंच हृदयविकारानं गेले. वय ४८. विधेयक बाद होऊन तीन आठवडे झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं चोविसावी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर करून घेतली. ती मांडणारे कायदामंत्री ह. रा. गोखले मराठीच होते. मूलभूत हक्कांसह घटनेत कुठंही बदल करण्याचा संसदेचा अधिकार तिनं लिहून काढला. चार वर्षांपूर्वी समाजवादी खासदारानं जे मागितलं होतं ते आता सरकारी विधेयकाच्या रूपानं, प्रचंड बहुमतानं आलं.

राजापूरची जागा मधु दंडवत्यांकडे गेली. १९७१ पासून सलग पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. रेल्वेची मागणी त्यांनी जिवंत ठेवली. ते अर्थमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, आणि जानेवारी १९९८ मध्ये गाडी पूर्ण मार्गावर धावली. पण मला दंडवत्यांच्या कारकिर्दीतलं वेगळं एक साल जास्त महत्त्वाचं वाटतं. २६ जून १९७५ च्या सकाळी बेंगळुरूत त्यांना अटक झाली, वाजपेयी आणि अडवाणींसोबत. राजापूरच्या खासदारानं आणीबाणी तुरुंगात काढली. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, आणि ज्या मंत्रिमंडळात ते होते त्यानं १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती आणली. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून तिनं काढून टाकला. संसदेला हे करता यायला हवं, असंच नाथ पै अकरा वर्षांपूर्वी म्हणत होते. आणि त्याच दुरुस्तीनं दुसरं कलमही घातलं: आणीबाणी असली तरी जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा नागरिकाचा मार्ग यापुढे कुणालाही बंद करता येणार नाही.