स्टेट बँकेच्या खातेवह्या एक झाल्या त्याची गोष्ट

1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात पाच सहयोगी बँका विलीन झाल्या, सोबत भारतीय महिला बँकही. बिकानेर अँड जयपूर, हैदराबाद, म्हैसूर, पतियाळा आणि त्रावणकोर या पाट्या उतरल्या. सुमारे 24 हजार शाखा आणि 37 कोटी ग्राहक एका बँकेचे झाले. त्या दिवशी मोठ्या बातम्या छापून आल्या. पण ज्या कामामुळे हे जमलं, ते पंधरा वर्षं आधीच सुरू झालं होतं आणि त्याची फारशी बातमी झाली नव्हती.

1980च्या दशकापर्यंत प्रत्येक शाखा म्हणजे एक स्वतंत्र संस्थानच. खातं बँकेत नसे, शाखेत असे. काउंटरवर चेक द्यायचा, पितळी टोकन घ्यायचं आणि बाकावर बसून राहायचं. आत क्लार्क जाडजूड लेजरमध्ये नोंद करी, अधिकारी नमुना सही पडताळी, मग कॅशियर नंबर पुकारी. दादरच्या खात्यातली रक्कम नागपूरला न्यायची तर ड्राफ्ट काढा. बॅलन्सिंग जुळेना की कर्मचारी रात्रीपर्यंत थांबत.

यंत्रांना संघटनांचा विरोध होता आणि नोकऱ्यांची धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. 8 सप्टेंबर 1983 रोजी बँका आणि कर्मचारी संघटनांत मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत लेजर पोस्टिंग मशिन्स दिसू लागली. वही गेली, शाखेची भिंत मात्र तशीच राहिली. 1998 मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना फर्मावलं, की 1 जानेवारी 2001 पर्यंत 70 टक्के व्यवसाय संगणकावर हवा. हेतू भ्रष्टाचाराला आळा घालण्याचा होता. बँका कामाला लागल्या. पण बहुतेक ठिकाणी जुनीच पद्धत पडद्यावर आली.

खरी अडचण यंत्रांची नव्हती, रचनेची होती. संस्थेची सगळी माहिती कुठे राहते, कोण वापरतं, कशाशी जोडलेली आहे, याचा एकच आराखडा हवा, हे आयबीएमचे जॉन झॅकमन 1987च्या लेखात मांडून बसले होते. 1990च्या दशकात निघालेल्या नव्या खासगी बँकांना हा आराखडा कोऱ्या कागदावर काढता आला. स्टेट बँकेला चालत्या गाडीची चाकं बदलायची होती.

नव्या शतकाच्या सुरुवातीला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या मदतीने कोअर बँकिंग सुरू झालं. शाखाशाखांतला डेटा साफ करायचा, सह्या स्कॅन करायच्या, खात्यांना नवे अकरा आकडी क्रमांक द्यायचे आणि मग एकेक शाखा मध्यवर्ती यंत्रणेवर न्यायची. कंटाळवाणं, बिनकौतुकाचं काम. 2008 पर्यंत स्टेट बँकेच्या शाखा जोडल्या गेल्या. कळीचा निर्णय वेगळाच होता: सहयोगी बँकांनाही त्याच सॉफ्टवेअरवर आणलं गेलं. त्यामुळे 2008 मध्ये सौराष्ट्र आणि 2010 मध्ये इंदूर या बँका आधीच सामावून घेता आल्या. सरकारी बँकेला सुस्त म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

2017 मध्येही पाच बँकांचा डेटा काही आठवड्यांत एकत्र आला. कागद मात्र मागे रेंगाळला. सुमारे 1,300 शाखांची नावं आणि आयएफएससी कोड बदलावे लागले आणि जुन्या सहयोगी बँकांच्या चेकबुकांना 30 सप्टेंबरची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2017 करून द्यावी लागली.