मार्कर नॉर्मल, म्हणून विडी चालू?

१९६५ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत सीईए हे प्रथिन सापडलं. पुढे ते रक्तातही मोजता येऊ लागलं. वाटलं, आता रक्तावरूनच कॅन्सर कळणार! झालं भलतंच. कॅन्सर नसलेल्या सिगारेटवाल्यांतही ते वाढलेलं निघालं, आणि फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या कित्येकांत नॉर्मल. २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांचे या कॅन्सरने होणारे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले, ते कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे. तेव्हा तपासणीच्या पॅकेजातला ‘कॅन्सर मार्कर’ नॉर्मल आला म्हणून पुन्हा विडी पेटवू नका. खोकला हटत नसेल, धाप लागत असेल, तर रिपोर्ट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना छाती दाखवा.