नौकेवरील शेगडी गॅसवर नेताना: जागा, जोडणी आणि दक्षता

घराच्या स्वयंपाकघरात गॅस गळला, तर दाराखालच्या फटीतून तो काही प्रमाणात बाहेर पडतो. नौकेत ही वाट नसते. पाणी आत येऊ नये म्हणून नौकेचा सांगाडा सर्व बाजूंनी बंद बांधलेला असतो आणि त्याच कारणाने आत उतरलेला जड वायूही बाहेर जात नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. शेगडीतून गळलेला गॅस जिन्यावरून पाणी ओघळावे तसा खाली उतरतो आणि फळ्यांखालच्या ज्या पोकळीला खलाशी ‘बिल्ज’ म्हणतात, तेथे साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर पंपाच्या स्विचची ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते. नौकेवरील शेगडी गॅसवर नेताना प्रत्येक निर्णय या एका गोष्टीच्या निकषावर घ्यावा लागतो.

गोव्यात हा प्रश्न केवळ हौशी शिडाच्या नौकांपुरता मर्यादित नाही. मोरजी, हरमल, केरी या पेडण्याच्या किनाऱ्यावरील लहान होड्या बहुधा त्याच दिवशी परततात, त्यामुळे त्यांवर चुलीची गरज भासत नाही. परंतु खोल समुद्रात काही दिवस राहणारे ट्रॉलर आणि डिचोली तालुक्यातील सारमानस, आमोणेसारख्या धक्क्यांवरून खनिज घेऊन मांडवीतून मुरगावकडे जाणारे बार्ज यांवर खलाशांचा स्वयंपाक नौकेवरच होतो. दूर पल्ल्याच्या शिडाच्या नौकांची बांधणीही गोव्याला नवी नाही. दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात अनेक नौका डागडुजीसाठी बाहेर काढल्या जातात. शेगडी बदलण्याचे कामही याच दिवसांत उरकणे सोयीचे ठरते.

जुनी शेगडी आणि नवे इंधन

जुन्या नौकांवर हवा भरून पेटवायचा रॉकेलचा स्टोव्ह किंवा स्पिरिटची शेगडी असे. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये द्रव इंधन तापलेल्या नळीत वाफ होऊन जळते. गॅसच्या शेगडीची रचना मुळातच वेगळी असते. त्यामुळे रॉकेलचा स्टोव्ह सुटे भाग बदलून गॅसवर चालवण्याचा प्रयत्न करू नये. तेथे संपूर्ण शेगडीच बदलावी लागते.

नैसर्गिक वायूवर चालणारी शेगडी मात्र बदलता येते. या वायूची उष्णता घनफळाच्या हिशेबात स्वयंपाकाच्या गॅसपेक्षा बरीच कमी असते, म्हणून त्याच्या जेटचे छिद्र मोठे असते. नळाच्या गॅसवर चालणारी घरातील शेगडी तशीच उचलून नौकेवर सिलिंडरला जोडली, तर ज्योत लांब, पिवळी आणि काजळी धरणारी होते. कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. निर्मात्याने दिलेलेच जेट बसवावेत. छिद्र ठोकून लहान करणे किंवा तारेने मोठे करणे टाळावे. केवळ जेट बदलूनही काम संपत नाही. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, तर प्रोपेन खाली बसतो. सिलिंडरची जागा आणि वायुविजन यांचा विचार त्यामुळे नव्याने करावा लागतो.

भारतात सिलिंडरमधून मिळणारा घरगुती गॅस हा शुद्ध प्रोपेन नसून प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. येथील रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने गॅस देतात, तर युरोपातील अनेक प्रोपेन शेगड्या ३७ मिलिबारसाठी बनवलेल्या असतात. परदेशी बनावटीच्या नौकेवर शेगडीवरील पट्टी वाचूनच रेग्युलेटर निवडावा. सिलिंडरचे तोंड जुळत नाही म्हणून एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस ओतणे बेकायदेशीर आहे आणि जिवावरही बेतू शकते. द्रव गॅस उष्णतेने फुगतो. त्यासाठी सिलिंडरमध्ये मोकळी जागा राखलेली असते. हाताने भरताना ती राखली जात नाही. शिवाय उन्हाळ्यात प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या तिपटीहून अधिक असतो, म्हणून केवळ ब्युटेनसाठी बनवलेल्या टाकीत प्रोपेन कधीही भरू नये.

सिलिंडरची जागा

सिलिंडर केबिनमध्ये, शेगडीखाली किंवा इंजिनाच्या खोलीत ठेवू नये. त्यासाठी डेकवर स्वतंत्र कप्पा असावा. कप्प्याचे झाकण वरून उघडणारे असावे आणि नौकेच्या आतील भागाशी त्याचा कोणताही हवाई संपर्क नसावा. कप्प्याच्या तळापासून एक निचरा-नळी सतत उतारावर थेट नौकेबाहेर जावी. तिचे बाहेरचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर आणि खिडकी, झरोका किंवा इंजिनाच्या हवेच्या तोंडापासून निदान अर्धा मीटर दूर असावे. नळीला मध्येच खोलगट वळण राहिल्यास त्यात पाणी साचते आणि गॅसची वाट अडते.

बार्जवर स्वयंपाकाची खोली डेकवर असली, तरी खाली इंजिनाची खोली असते. सिलिंडर त्या खोलीच्या जिन्याजवळ किंवा हवेच्या तोंडाजवळ ठेवल्यास गळलेला गॅस थेट इंजिनापर्यंत उतरतो. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा आणि लाटांत हलणार नाही असा पट्ट्याने आवळावा. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो.

नळी, झडप आणि शेगडी

रेग्युलेटर, दाबमापक आणि वीज गेल्यावर आपोआप बंद होणारी विद्युत झडप ही तिन्ही उपकरणे कप्प्यातच असावीत. त्या झडपेचा स्विच शेगडीजवळ हाताशी, पण ज्योतीवरून हात न्यावा लागणार नाही अशा ठिकाणी बसवावा. कप्प्यापासून शेगडीपर्यंत गॅसची नळी एकसंध असावी, मध्ये एकही जोड नसावा. ती जेथे भिंत पार करते, तेथे छिद्र पूर्ण बुजवावे आणि घासून झिजू नये असे अस्तर द्यावे. शिडाच्या नौकेवरील शेगडी लाटांबरोबर झुलती ठेवलेली असते, त्यामुळे शेवटचा छोटा तुकडा लवचीक लागतो. शेगडी दोन्ही बाजूंना पूर्ण झुलवून हा तुकडा ताणला किंवा चिमटला जात नाही, हे पाहावे. खारी हवा नळीच्या क्लिपा लवकर गंजवते. नळीवरील मुदत आणि क्लिपांची स्थिती दरवर्षी तपासावी.

शेगडीच्या प्रत्येक बर्नरला ज्योत विझताच गॅस बंद करणारी सुरक्षा झडप असणे अत्यावश्यक आहे. अनेक साध्या घरगुती शेगड्यांना ती नसते. झरोक्यातून आलेल्या वाऱ्याच्या एका झोताने ज्योत विझते आणि झोपलेल्या खलाशांना ते कळत नाही. गॅस-सूचक यंत्राचा संवेदक खाली, बिल्जच्या वर बसवावा. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक मात्र झोपण्याच्या जागेजवळ, श्वासाच्या उंचीवर असावा. एक घनफळ प्रोपेन जळण्यास सुमारे २४ घनफळे हवा लागते, म्हणून स्वयंपाक सुरू असताना झरोका उघडाच ठेवावा.

चाचणी आणि रोजची शिस्त

जोडणीनंतर सर्व बर्नर बंद ठेवून विद्युत झडप आणि सिलिंडरची झडप उघडावी, दाबमापकावरील आकडा पाहावा आणि मग सिलिंडरची झडप बंद करावी. पुढील किमान तीन मिनिटे काटा किंचितही उतरता कामा नये. उतरल्यास प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. काडी पेटवून कधीही पाहू नये. ही चाचणी प्रत्येक वेळी सिलिंडर बदलल्यावर पुन्हा करावी.

रोजचा नियम सोपा आहे. स्वयंपाक संपताना आधी सिलिंडरची झडप बंद करावी, नळीतील उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यावी आणि मगच बर्नरची कळ फिरवावी. गॅसचा वास आल्यास सिलिंडरची झडप लगेच बंद करावी. दिवा, पंखा, पंप किंवा इंजिन यांचा एकही स्विच चालू वा बंद करू नये. सर्व झडपा-झरोके उघडून माणसांना बाहेर काढावे. तळाचा गॅस काढायचा असल्यास हातपंप किंवा बादली वापरावी, विजेचा पंप नव्हे. गॅसगळतीसाठी देशभरात १९०६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

व्यावसायिक नौकेवर घरगुती अनुदानाचा १४.२ किलोचा सिलिंडर वापरण्यास परवानगी नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक किंवा खुल्या विक्रीतील ५ किलोचा सिलिंडर घ्यावा लागतो. जोडणी प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावी आणि काम सुरू करण्यापूर्वी नौकेची नोंदणी ज्या खात्याकडे आहे, त्या बंदर कप्तान किंवा मच्छीमार खात्याच्या तपासणी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. कप्प्याची निचरा-नळी एकदा डेक रंगवताना चुकून बुजली, तर बाकी सर्व खर्च व्यर्थ ठरतो. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या नळीतून एक बादली पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही, हे पाहणे प्रत्येक तांडेलाने आपले काम मानावे.