नागपूरचे राज्यप्रमुख आणि ‘सेनासाहेबसुभा’ हें पद

भंडारा जिल्ह्यांतील आंधळगांव हें कोष्ट्यांच्या मागांकरितां व कोशाच्या वस्त्रांकरितां ओळखलें जाणारें गांव. त्याच्या उत्तरेस आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान यानें तो सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास बांधिला. पुढें भोसल्यांनीं त्याचा उपयोग कैदी ठेवण्याकडे केला. या टापूवर अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत राज्य कोणाचें होतें, असा प्रश्न केल्यास ‘नागपूरकर भोसल्यांचें’ असें उत्तर मिळतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु नागपूरकर भोसले हे कोणत्या नात्यानें राज्याचे प्रमुख होते, असें पुढें विचारलें तर वंशावळी मुक्या होतात. त्या परसोजी, कान्होजी, पहिला रघूजी, जानोजी, साबाजी, मुधोजी, दुसरा रघूजी, दुसरा परसोजी, आप्पासाहेब व तिसरा रघूजी अशीं नांवें एकाखालीं एक देतात व सर्वांस सरसकट ‘राजे’ म्हणतात. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. संग्राहकांच्या हातीं येणाऱ्या कागदांचा अर्थ या एका शब्दामुळें पुष्कळदां चुकीचा लागतो, म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

या घराण्याचें खरें पद ‘सेनासाहेबसुभा’ हें होय. शाहू छत्रपति मोंगलांच्या कैदेंतून १७०७ सालीं सुटून आले, तेव्हां परसोजी भोसले त्यांस आरंभींच येऊन मिळाला, आणि त्या सेवेबद्दल हें पद त्यास मिळालें. पद सेवेचें, देणारे सातारकर छत्रपति, आणि दिलेलें काढून घेण्याचा अधिकारही त्यांचाच. कान्होजीवर शाहूंची मर्जी खप्पा झाली, तेव्हां त्यांच्याच आज्ञेनें भाऊबंदांपैकी रघूजीनें कान्होजीस पकडून साताऱ्यास नेलें व पद रघूजीकडे आलें. राजा असा पदच्युत होत नसतो, सरदार होतो.

या सरदारास राज्य कसें लाभलें, हा निराळा प्रकार आहे. देवगडचा राजा चांद सुलतान वारल्यावर (१७३९ च्या सुमारास) वारसाचा तंटा लागला, तेव्हां त्याची राणी रतनकुंवर हिनें रघूजीस मदतीस बोलाविलें. रघूजी आला, राणीच्या पुत्रांचा पक्ष राखून गेला, आणि भावाभावांत पुन्हां कलह माजतांच परत येऊन राहिला तो कायमचा. तथापि बुऱ्हाण शहा यास त्यानें गादीवरून दूर केलें नाहीं. गोंड राजाचें नांव, मान व नेमणूक चालू ठेवून खरी सत्ता आपण घेतली. म्हणजे नागपुरांत बसलेला रघूजी साताऱ्याचा सेवक होता, आणि गोंड राजा त्याच शहरांत राजा म्हणून नांदत होता. आंधळगांवच्या पाटलाकडून वसूल घेणारा मात्र रघूजीच! या तिपेडी व्यवस्थेंत त्या काळच्या कोणासही विसंगत असें कांहीं वाटलें नसावें. विसंगति आपणांस वाटते.

पहिला रघूजी १७५५ त वारल्यावर जानोजी व मुधोजी यांच्या तंट्याचा निवाडा पेशव्यांनीं केला : जानोजी सेनासाहेबसुभा, मुधोजी सेनाधुरंधर व त्याजकडे चांदा. शाहूंचा काळ १७४९ त झाला असल्यामुळें वस्त्रें छत्रपतींच्या नांवें आणि विचार पुण्याचा, असा आतां प्रघात पडला होता. जानोजीनें पेशव्यांशीं लढाया केल्या, १७६९ त कनकापूरचा तह केला. परंतु पद नाकारलें नाहीं. त्याच्या पश्चात् १७७२ पासून पुण्यांतील पक्ष पालटतील तशीं पदाचीं वस्त्रें साबाजी व मुधोजी यांच्यामध्यें हेलकावे खात राहिलीं. अखेर २६ जानेवारी १७७५ रोजीं पांचगांवच्या लढाईंत मुधोजीच्या गोळीनें साबाजी पडला, तेव्हां वाद मिटला. मुधोजी मात्र स्वतः सेनासाहेबसुभा म्हणून नव्हे, तर जानोजीस दत्तक मानलेला आपला मुलगा दुसरा रघूजी याच्या नांवानें १७८८ पर्यंत कारभार पाहत होता. भावास गोळी घालणाऱ्या पुरुषासही मुलाच्या नांवाचा आडपडदा लागतो, यावरून या पदाचें वजन कळून येतें.

इंग्रजांनीं १७ डिसेंबर १८०३ चा देवगांवचा तह दुसऱ्या रघूजीशीं केला, तो त्यास सेनासाहेबसुभा म्हणूनच. या तहानें कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, पद राहिलें. पुढें १८१६ त रघूजी वारला. त्याचा पुत्र परसोजी अपंग व दुर्बळ. फेब्रुवारी १८१७ मध्यें त्याचा खून होऊन आप्पासाहेब गादीवर आला. आप्पासाहेबानें कंपनीची तैनाती फौज आधींच पत्करिली होती. तरीही २४ नोव्हेंबर १८१७ रोजीं, पुण्यास युद्ध सुरू झालेलें असतां, पेशव्यांकडून आलेलीं सेनासाहेबसुभेपदाचीं वस्त्रें त्यानें समारंभानें घेतलीं. रेसिडेंट जेंकिन्स यानें त्याचा अर्थ बरोबर ओळखिला. दोन दिवसांनीं सीताबर्डीची लढाई जुंपली. आप्पासाहेब पुढें धरला गेला, मे १८१८ मध्यें निसटला, आणि १८४० त जोधपुरास वारला. त्याच्या पक्षानें कामठ्याच्या चिमणा पटेलानें वैनगंगेच्या पलीकडे उठावणी केली, ती १८१८ तच मोडली गेली.

जून १८१८ मध्यें दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा अल्पवयी मुलगा परसोजीच्या विधवेस दत्तक देऊन तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविण्यांत आला. बांकाबाई पालनकर्ती झाली. राज्य जेंकिन्सनें चालविलें. रघूजी वयांत आल्यावर १८२६ च्या डिसेंबरांत नवा तह झाला, व त्यानंतर १८३० पर्यंत क्रमाक्रमानें मुलूख त्याच्या हवालीं झाला. या तहांत एक कलम आहे, त्याकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. त्या कलमानें रघूजीनें साताऱ्याच्या राजाशीं व इतर मराठी सत्तांशीं असलेला सर्व संबंध सोडला, आणि सेनासाहेबसुभा या जुन्या पदाचीं चिन्हें, विधि व उपचार यांचा त्याग केला. वरवर पाहतां हा मानाचाच लाभ : सेवकपण गेलें, राजेपण उरलें. आमच्या मतें नागपूरच्या गादीचें मूळ त्या दिवशीं तुटलें. कंपनीच्या पूर्वीं शंभर वर्षांहून अधिक जुना असा जो एकच अधिकार या घराण्याजवळ होता, तो त्यांच्याच सहीनें सोडविण्यांत आला.

जुन्या अधिकारपत्राचें वजन किती, हें दूरच्या फिनलंड देशाच्या इतिहासांत चांगलें दिसतें. तो देश पूर्वीं स्वीडनच्या राजांकडे होता. १८०९ त तो रशियाच्या बादशहाकडे गेला, व बादशहा तेथें ‘महाड्यूक’ या नात्यानें राज्य करी. परंतु स्वीडिश अमलांतील १७७२ ची राज्यघटना फिनलंडच्या लोकांनीं आपलीच मानून जतन केली. मार्च १९१७ मध्यें बादशहानें राज्यत्याग केला, तेव्हां प्रमुखाची जागा रिकामी झाली. अधिकार मात्र बुडाला नाहीं. नोव्हेंबरांत तेथील लोकसभेनें सर्वोच्च सत्ता आपण घेतली, ६ डिसेंबरास स्वातंत्र्य जाहीर झालें, मे १९१८ मध्यें स्विनहूवुड यास पालनकर्ता नेमिलें. आणि राजकुल खुंटल्यास नवा राजा निवडावा, या १७७२ च्या घटनेंतील कलमाचा आधार घेऊन ९ ऑक्टोबर १९१८ रोजीं हेसचा राजपुत्र फ्रीड्रिख कार्ल यास राजाही निवडलें! जर्मनीचा पराभव झाल्यामुळें त्यानें डिसेंबरांत नकार दिला, मान्नरहाइम पालनकर्ता झाला, आणि जुलै १९१९ मध्यें प्रजासत्ताक घटना होऊन स्टोलबर्ग पहिला अध्यक्ष निवडला गेला. तेथील अध्यक्षांची यादी स्टोलबर्गपासून सुरू होते. परंतु त्याच्या हातीं आलेला अधिकार कोठून कोठें वाहत आला, तें यादी सांगत नाहीं. नागपूरच्या वंशावळीचाही दोष हाच.

तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं औरस पुत्रावांचून वारला. राण्यांनीं यशवंतराव अहिरराव या मुलास दत्तक घेतलें व त्याचें नांव जानोजी ठेविलें. डलहौसीनें जानेवारी १८५४ मध्यें निर्णय लिहिला तो असा : आप्पासाहेबाच्या अपराधानें नागपूरचें राज्य कंपनीचें झालें होतें, १८१८ त तें रघूजीस बक्षीस दिलें, बक्षीस घेणारा निपुत्रिक मेला, सबब देणगी परत. त्याच्या मंडळांतील कर्नल लो यानें विरुद्ध मत नोंदविलें, पण उपयोग झाला नाहीं. राज्य खालसा झालें, भोसल्यांचें जडजवाहीर कलकत्त्यास लिलांवांत गेलें. सेनासाहेबसुभा हें पद कायम असतें तर डलहौसी थांबता, असें आम्ही म्हणत नाहीं. साताऱ्याचें राज्य त्यानें १८४८ तच घेतलें होतें. परंतु ‘हें राज्य आमची देणगी’ हें वाक्य त्यास इतक्या सहज लिहितां आलें नसतें. दत्तक जानोजीस १८५७ च्या धामधुमीनंतर, बांकाबाईनें इंग्रजांचा पक्ष राखल्याबद्दल, ‘देऊरचे राजेबहादूर’ असा किताब मिळाला. देऊर हें सातारा जिल्ह्यांतील गांव.

आतां संग्राहकांस एक विनंति. वैनगंगेच्या कांठच्या पाटील-पांड्यांच्या दप्तरांत सांपडणारे कागद ‘भोसलेकालीन’ एवढ्या एकाच शिक्क्याखालीं बांधून ठेवूं नयेत. मायन्यांत सेनासाहेबसुभा हा शब्द आहे कीं नाहीं, तें प्रथम पाहावें. असल्यास कोणाच्या नांवापुढें आहे आणि फसली सनाशीं त्याचा मेळ बसतो काय, हें ताडावें. १८१८ ते १८३० च्या दरम्यानच्या कागदांवर नांव रघूजीचें असलें तरी हुकूम रेसिडेन्सीचा असण्याचा संभव फार. आणि १८२६ नंतरच्या एखाद्या खासगी पत्रांत, यादींत किंवा देवस्थानच्या सनदेच्या नकलेंत हें पद तहाविरुद्ध आलेलें आढळल्यास तो कागद लेखकाची चूक म्हणून बाजूस टाकूं नये. त्याची अक्षरशः नक्कल करून ठेवावी.