वाऱ्याला विचारून बनवलेली गाडी

मागच्या दिवाळीत पुतण्या अमेरिकेहून आला, तेव्हा बदाम-अक्रोडांच्या पिशव्यांबरोबर माझ्यासाठी एक चौकटही घेऊन आला. तिथल्या कुठल्याशा जुन्या बाजारात मिळाली म्हणे. काचेच्या मागे एका जुन्या मासिकातलं पान, १९३४ सालची मोटारीची जाहिरात. "काकू, तुला जुने कागद आवडतात ना?" आवडतात खरे, पण मोटारीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी सायकलच्या पुढे कधी गेले नाही. तरी चौकट भिंतीवर लावली आणि येता-जाता बघत राहिले. बघता बघता वाचत गेले, आणि हा लेख त्यातूनच झाला.

गाडीचं नाव क्रायस्लर एअरफ्लो. जाहिरातीत गाडीच्या इंजिनापेक्षा निसर्गाचंच जास्त वर्णन आहे. निसर्ग ज्याला जे काम देतो त्याला तसाच आकार देतो. डॉल्फिन बघा, समुद्रावरचा पक्षी बघा, शिकारी कुत्रा बघा, म्हणजे आमच्या गाडीचा आकार असा का ते तुम्हाला पटेल, असा एकूण मजकूर. मला हसूच आलं. आमच्या शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात "माशाचे शरीर दोन्ही टोकांना निमुळते असते" असं वाक्य होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते घोकलं. इथे तोच धडा मोटार विकायला वापरला होता! चाळीस वर्षं नाही तरी पस्तीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईला ही जाहिरात आपलीशी वाटली यात नवल नाही. ती ग्राहकाला समजावून सांगत होती.

आता त्याआधीच्या जाहिराती कशा होत्या ते सांगते, म्हणजे फरक कळेल.

२ जानेवारी १९१५ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये कॅडिलॅकची एक जाहिरात आली. थिओडोर मॅकमॅनस नावाच्या गृहस्थांनी लिहिलेली. कॅडिलॅकने नुकतंच आठ सिलिंडरचं नवं इंजिन आणलं होतं, त्यात सुरुवातीला बिघाड होत होते आणि प्रतिस्पर्धी टिंगल करत होते. मॅकमॅनसने बिघाडांचं नाव काढलं नाही, इंजिनाचंही नाही. सगळ्या मजकुरात गाडीचा उल्लेखच नाही. जो पुढे असतो त्याचा हेवा होतो, त्याच्यावर चिखलफेक होते, असं एक सुभाषितवजा निरूपण, बस्स. जाहिरात एकदाच छापली आणि अजूनही जाहिरातीच्या इतिहासात तिचं नाव निघतं. पॅकार्डवाल्यांचं घोषवाक्य तर याहून सुटसुटीत होतं: ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा. म्हणजे तुमच्याकडे नाही हे आलंच!

१९२३ मध्ये नेड जॉर्डन या कारखानदाराने आणखी पुढची मजल मारली. आगगाडीतून वायोमिंगच्या माळरानातून जाताना त्याला खिडकीतून एक मुलगी घोडा दौडवत गाडीबरोबर येताना दिसली. त्याने तिथल्या तिथे जाहिरात लिहून काढली, अशी कथा आहे. लॅरमीच्या पश्चिमेकडची ती धाडसी मुलगी, वारा, ऊन, मोकळं रान. गाडीचं नाव येतं, पण तिची किंमत, चाकं, यंत्र यांचा पत्ता नाही. ती जाहिरात तुफान गाजली. पुढे १९३१ मध्ये जॉर्डनची कंपनी बुडाली, पण तिने घालून दिलेला वळणाचा रस्ता इतरांनी सोडला नाही.

चित्रांचंही तेच. त्या काळच्या महागड्या गाड्यांच्या जाहिरातींत चित्रकार गाडी खरीपेक्षा लांब आणि बसकी काढत. शेजारी उभी माणसं जरा लहान काढली की गाडी आपोआप ऐसपैस दिसते. मागे नाट्यगृहाच्या पायऱ्या, फरचे कोट घातलेल्या बायका, नाहीतर समुद्रकिनारी शिडाची नाव. गाडी घेतलीत की हे सगळं बरोबर येईल असं कोणी म्हणत नाही, पण डोळा तसं समजतो. (आपल्याकडे पैठणीच्या जाहिरातीत मागे वाडा आणि झोपाळा असतो, तसंच.)

मग १९२९ ची मंदी आली. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे ५३ लाख मोटारी आणि ट्रक तयार झाले होते. १९३२ मध्ये ते सुमारे १३ लाखांवर आले. लोकांकडे पैसा नाही, आणि ज्यांच्याकडे होता त्यांनाही रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्या माणसांसमोरून फर मिरवत जायला संकोच वाटत असणार. विकायला नवं काहीतरी हवं होतं, आणि ते 'उद्या'च्या रूपात सापडलं. आजचा दिवस वाईट आहे ना, मग उद्याची गाडी घ्या. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने १९३३ मध्ये 'सिल्व्हर अ‍ॅरो' नावाची गुळगुळीत, निमुळती गाडी आणली आणि जाहिरात केली की १९४० ची गाडी आम्ही तुम्हाला आजच देतो आहोत. किंमत दहा हजार डॉलर. पाच गाड्या बनल्या. कंपनी १९३८ मध्येच बंद पडली. १९४० साल काही तिला बघायला मिळालं नाही.

एअरफ्लोचं मात्र वेगळं होतं, आणि म्हणून मी तिच्यात अडकले. तिचा आकार आधी जाहिरातीसाठी काढला आणि मग गाडीवर चढवला, असं झालं नाही. क्रायस्लरचा इंजिनियर कार्ल ब्रीअर याला १९२७ च्या सुमारास आकाशातून जाणाऱ्या बदकांचा थवा बघून कल्पना सुचली, असं कंपनी सांगत असे; कोणी म्हणतात बदकं नव्हती, सरावाला निघालेली लष्करी विमानं होती. (बदकं जाहिरातीत जास्त शोभतात हे उघड आहे.) ब्रीअर आणि त्याचे दोन सहकारी, झेडर आणि स्केल्टन, यांनी ज्याला विंड टनेल म्हणतात तो वाऱ्याचा बोगदा बांधून घेतला. सल्ल्याला कोण, तर विमान उडवणाऱ्या राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल राइट. १९३० पर्यंत त्यांनी निदान पन्नास लाकडी-बिकडी नमुने वाऱ्यासमोर धरून पाहिले. आणि एक गंमत सापडली. तेव्हाच्या मोटारी पुढे जाण्यापेक्षा मागे जाताना वाऱ्याला कमी अडत होत्या! समोरचा भाग उभ्या भिंतीसारखा आणि मागचा उतरता, त्यामुळे. हे लोकांना पटावं म्हणून त्यांनी एका गाडीची धाटणीच उलटी करून ती शहरातून फिरवली. रस्त्यावरची माणसं दचकली असतील, गाडी उलटी पळते आहे म्हणून.

आकाराबरोबर आतलंही बदललं. इंजिन पुढच्या चाकांच्या वर सरकवलं, त्यामुळे माणसं दोन्ही चाकांच्या मधे आली. आधी मागच्या बाकावरचा माणूस थेट मागच्या आसावर बसलेला असे आणि प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्याला कळत असे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावरून ज्यांनी घाट उतरला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. सांगाडाही पुलाच्या कैचीसारखा, पोलादी आणि भक्कम. तो किती भक्कम हे दाखवायला कंपनीने एक गाडी पेनसिल्व्हेनियातल्या ११० फूट उंचीच्या कड्यावरून रिकामी ढकलून दिली, खाली ती सरळ केली आणि चालवत नेली, आणि त्याची फिल्म काढून लोकांना दाखवली. १९३४ मध्येच युनियन पॅसिफिकची नवी निमुळती आगगाडी निघाली होती. तिच्या शेजारी एअरफ्लो उभी करून फोटो काढले. नॉर्मन बेल गेडेस या नावाजलेल्या डिझायनरचं नाव जाहिरातीत घातलं. काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही.

आणि गाडी पडली. कड्यावरून पडून वाचली, बाजारात पडली.

१९३४ मध्ये क्रायस्लरच्याच जुन्या घडणीच्या सहा सिलिंडरच्या गाड्या एअरफ्लोच्या दुपटीहून जास्त खपल्या. त्यांच्या डीसोटो या भावंडाला तर त्या वर्षी एअरफ्लोशिवाय दुसरी गाडीच दिली नव्हती, त्याची विक्री बरीच घसरली. १९३७ नंतर एअरफ्लो बंदच झाली.

का? मी आधी शाळेतल्या बाईच्या थाटात ठरवून टाकलं होतं की लोकांना समजावून सांगितलेलं नको असतं, स्वप्नं हवी असतात. जॉर्डनची घोडेस्वार मुलगी खपते आणि ब्रीअरचा मासा खपत नाही. पण थोडं जास्त वाचल्यावर हे इतकं सरळ नाही असं दिसलं. एक तर जानेवारी १९३४ च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गाडी दाखवली तेव्हा कारखाना तयारच नव्हता. गाडी हातात यायला महिने लागले, पहिल्या गाड्यांत दोष निघाले, आणि तोवर अफवा पसरून गेल्या. दुसरं म्हणजे वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो (हे मला आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या निवृत्त बाईंनी फोनवर पुन्हा शिकवलं, माझं गणित जाऊन पन्नास वर्षं झाली). तेव्हाच्या रस्त्यांवर ताशी चाळीस मैलांनी जाणाऱ्याला त्या आकाराचा फायदा फार जाणवणारच नव्हता. जाहिरातीतला धडा बरोबर होता, पण विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नव्हता. आणि तिसरं, गाडी लोकांना कुरूप वाटली. पुढचं तोंड धबधब्यासारखं गोल उतरलेलं, दिवे त्यात बसवलेले. तेव्हा लांब नाकाची गाडी म्हणजे ऐश्वर्य. जाहिरातींनीच तीस वर्षं शिकवलेलं ते. मॅकमॅनस आणि पॅकार्डवाल्यांनी तयार केलेल्या डोळ्यांना ब्रीअर सांगत होता की आता हे विसरा.

शिवाय माझ्या सिद्धांताला छेद देणारी एक गोष्ट खुद्द क्रायस्लरच्याच घरात घडली होती. १९३२ मध्ये, ऐन मंदीत, त्यांच्या स्वस्त प्लायमाउथची जाहिरात आली: वॉल्टर क्रायस्लरसाहेब स्वतः गाडीजवळ उभे, आणि सांगणं इतकंच की तिन्ही गाड्या बघा आणि मग ठरवा. इतर दोन म्हणजे फोर्ड आणि शेव्हरोले. साधं, सरळ बोलणं, आणि ते लोकांना पटलं. तेव्हा लोकांना खरं बोललेलं चालत नाही असं मी म्हणू शकत नाही. असो.

खरी मौज पुढे आहे. १९३५ मध्ये क्रायस्लरने एअरफ्लोच्या नाकावर टोकदार जाळी बसवून ती चारचौघींसारखी दिसेल असं केलं, आणि शेजारी दुसरी गाडी आणून ठेवली. तिची घडण नेहमीचीच, फक्त कडा जरा गोलावलेल्या. आणि नाव काय दिलं? 'एअरस्ट्रीम'! ती भरपूर खपली. वारा काढून घेतला आणि वाऱ्याचं नाव ठेवलं. १९३६ मध्ये फोर्डच्या घराण्यातली लिंकन-झेफर आली, तिचं नाव १९३४ मध्ये डेन्व्हर ते शिकागो हे १,०१५ मैल १३ तास ५ मिनिटांत धावून गाजलेल्या झेफर आगगाडीवरून घेतलेलं. तीही निमुळतीच, पण नाक टोकदार, रेषा देखण्या, आणि ती लोकांना आवडली. जनरल मोटर्सचा हार्ले अर्ल तर वर्षानुवर्षं एवढंच करत राहिला: गाडी अजून लांब, अजून बसकी. बोगद्यातल्या वाऱ्यापेक्षा शोरूममधला ग्राहक त्याला महत्त्वाचा.

मग ही लाट मोटारींबाहेर पसरली. रेमंड लोवीने १९३३ मध्ये पेन्सिलीला टोक करायचं यंत्र थेंबाच्या आकाराचं बनवलं. बाजारात ते कधी आलं नाही, पण अजून त्याचा फोटो पुस्तकांत छापतात. टेबलावर घट्ट बसवलेल्या यंत्राला कुठला वारा अडवणार होता? १९३५ चा त्याचा फ्रिज मात्र खपला. स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभा, पण दिसायला पळायच्या बेतात.

आपल्याकडे यातलं काय आलं, हा प्रश्न मला साहजिकच पडला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला, आणि त्यांच्या जाहिराती सांभाळायला जे. वॉल्टर थॉम्पसन या अमेरिकन जाहिरात कंपनीने १९२९ मध्ये मुंबईत कचेरी उघडली. साबण, चहा, पावडर यांच्या जाहिराती आपण पुढे ज्या थाटात बघितल्या, त्या धंद्याची एक मोठी पेढी इथे मोटारीच्या पाठोपाठ आली, हे मला या वाचनापर्यंत माहीत नव्हतं.

आणि क्रायस्लर? तिच्याशी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याला त्यांच्या डॉज, प्लायमाउथ गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. एअरफ्लोने हात पोळलेली क्रायस्लर कंपनी तोवर फार सावध झाली होती. १९३५ पासून तिचे अध्यक्ष असलेले के. टी. केलर यांचा आग्रह असे की गाडीचं छत असं उंच हवं की माणसाला डोक्यावरची हॅट न काढता आत बसता आलं पाहिजे. बाकीच्या कंपन्या गाड्या बसक्या करत होत्या, यांच्या पेटीसारख्या उभ्या राहिल्या. अमेरिकेत त्यांना जुनाट म्हणून नावं ठेवली गेली.

हे वाचलं आणि मला एकदम १९५६-५७ चं दादर स्टेशन आठवलं. मावशीच्या लग्नासाठी आम्ही साताऱ्याकडून आलो होतो. बाहेर काळ्या-पिवळ्या टॅक्स्या, त्यात एक थोरली प्लायमाउथ. मी सहा-सात वर्षांची, मोटारीत पहिल्यांदाच बसणार. आजोबांनी डोक्याला कोरा फेटा बांधलेला, आणि तो गिरगावात मांडवात शिरेपर्यंत हलू द्यायचा नाही असा त्यांचा हुकूम. आई काळजीत, की वाकून बसताना फेट्याचं काय होणार. टॅक्सीवाल्याने दार उघडलं. आजोबा वेताची काठी आधी आत सारून, मान जेमतेम कलती करून बसले आणि ताठ झाले. छत आणि फेटा यांच्या मधे चार बोटं जागा उरली होती. मी मोजली होती.